देवाची करणी आणि टायरची हवा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्ये दोन-तीनदा बसलोही होतो, पण पहिल्या ओळीपाशीच हात थांबायचा. विषय असा की त्यात थोडी माझी लाज आहे. पण घरातल्या एका मुलावर माझ्यामुळे उगाच बोल आला आहे. तो पुसायचा तर चार नातेवाईक वाचतात अशा ठिकाणीच पुसायला हवा. म्हणून हा खटाटोप.

गोष्ट २०२५ च्या श्रावणातली. आमची नात सुट्टीला म्हणून बीडला आली होती. वय वर्षे सात. तिला धबधबा बघायचा होता. आमच्या बीडकरांना धबधबा म्हटलं की एकच आठवतो, तो म्हणजे कपिलधार. बीडपासून वीसेक किलोमीटर. मांजरसुंब्याच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरात आत गेलं की 'परमरहस्य' लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी लागते, आणि पावसाळ्यात कड्यावरून पाणी कोसळत असतं. कार्तिक पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते, लांबलांबून दिंड्या चालत येतात. श्रावणात त्या मानानं गर्दी कमी आणि डोंगर हिरवागार. म्हटलं, दर्शनही होईल आणि पोरीचा हट्टही पुरा होईल.

गाडीत आम्ही पाच जण. मी, सौ., सूनबाई, नात आणि गाडी चालवायला पुतण्या. मला हल्ली घाटात गाडी चालवायला सौ. देत नाहीत. (डोळ्यांचं कारण सांगतात. खरं कारण वेगळं असावं.) गाडी माझीच, २०१४ साली घेतलेली. अकरा वर्षांत अडतीस हजार किलोमीटर झालेली. मंडई, बँक, एखादं लग्नकार्य, फार तर अंबाजोगाई. इतकी कमी चाललेली गाडी म्हणजे नवीच, असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगत असे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचा हिशेब द्यायचा आहे.

घर सोडून पाच मिनिटं झाली नसतील, पुतण्या म्हणाला, "काका, गाडी डावीकडं ओढतेय."

मी म्हणालो, "रस्त्याला उतार असतो रे डावीकडे. पाणी जायला तसाच करतात."

तो गप्प बसला. मी त्याचा काका, शिवाय एके काळी त्याचा मास्तर. त्याला गप्प बसावंच लागलं.

मी सांगितलं ते अर्धं खरं होतं. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता करतात हे बरोबर, त्यामुळे डाव्या बाजूनं चालणारी गाडी किंचित डावीकडे झुकतेही. पण माझ्या गाडीचं तेवढंच नव्हतं. हात सोडला की ती सरळ बांधाकडे निघायची. हे मला माहीत नव्हतं का? होतंही आणि नव्हतंही. काही महिन्यांपूर्वी एका खड्ड्यात पुढचं डावं चाक दणकून आदळलं होतं, तेव्हापासून हे सुरू झालं. पहिले चार दिवस मला जाणवलं. मग हाताला सवय झाली. स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवायचं, की गाडी सरळ. महिनाभरानं तर मी ते उजवीकडे धरतो आहे हेही विसरून गेलो. नव्या माणसाच्या हातात गाडी गेली तेव्हा कुठे दोष बोलायला लागला.

पुढचं थोडक्यात सांगतो. मुख्य रस्ता सोडून कपिलधारच्या रस्त्याला लागलो. बारीक पाऊस होता. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर काळ्या मातीचा लेप दिला होता. ज्यांनी आमची काळी माती पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको, ओली झाली की लोण्यासारखी. उताराचं वळण आलं आणि समोर एक म्हैस. पुतण्यानं ब्रेक दाबला. वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास असेल. पण गाडीचा मागचा भाग एकदम पुढं यायला लागला. म्हणजे तोंड म्हशीकडे आणि बूड रस्ता ओलांडून निघालेलं. पुतण्यानं स्टिअरिंग फिरवलं, गाडी अर्धी गिरकी घेऊन मागच्या बाजूनं मातीच्या बांधाला टेकली आणि थांबली. दुसऱ्या बाजूला बांध नव्हता. तिकडे दहा-पंधरा फुटांचा खड्डा होता.

कुणालाही खरचटलं नाही. म्हैस शांतपणे निघून गेली. नात आधी हसली, मग आमचे चेहरे बघून रडायला लागली. सौ. म्हणाल्या, "स्वामींनी वाचवलं." सूनबाईंनी दबक्या आवाजात म्हटलं, "जरा हळू चालवायला पाहिजे होतं भावजींनी."

आणि मी? मी काहीच बोललो नाही.

दर्शन झालं, धबधबा पाहिला, पण मजा गेली होती. परतताना मांजरसुंब्याच्या चौकात टायरच्या दुकानापाशी पुतण्यानं गाडी थांबवली. मी खाली उतरून चारी टायर पाहिले. मला तर काही वावगं दिसेना. नक्षी चांगली होती. दुकानातला पोरगा तिशीचा असेल. तो म्हणाला, "गुरुजी, भाईरून काय बघायलाव? हात घाला की आतून."

पुढचं डावं चाक उजवीकडे पूर्ण वळवून त्यानं माझा हात धरून टायरच्या आतल्या कडेवर ठेवला. बाहेरच्या अर्ध्या भागावर खाचा, आणि आतली कड पाटीसारखी गुळगुळीत! तो टायर मी २०२४ मध्ये नवा घातलेला. मग त्यानं मागचे टायर दाखवले. त्यांच्यावर नक्षी होती, पण बाजूच्या रबराला बारीक बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यात आपलं रान भेगाळतं तशा. नखानं दाबून पाहिलं तर रबर कसलं, वाळलेलं चामडं. टायरवर लंबगोलात चार आकडे होते, १८१४. त्यानं वाचून अर्थ सांगितला : २०१४ सालचा अठरावा आठवडा. शेवटी हवा मोजली. मागच्या उजव्या टायरमध्ये ३२ पाहिजे तिथे २४. आणि स्टेपनीत किती? १२! ती स्टेपनी आम्ही अकरा वर्षं मोठ्या विश्वासानं डिकीत घेऊन हिंडत होतो.

घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचलं, दोन चांगल्या मेकॅनिकना गाठून विचारलं. मास्तरकीची खोड, कळल्याशिवाय चैन पडत नाही. जे कळलं ते सांगतो, कारण माझ्या वयाच्या बऱ्याच जणांकडे अशाच 'कमी चाललेल्या' गाड्या उभ्या आहेत.

गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा तुकडा. हजार किलोचं वजन, पाच माणसं, ब्रेक, वळण, सगळा व्यवहार त्या चार तळहातांवर चालतो. इंजिन कितीही चांगलं असलं, ब्रेक कितीही कडक असला, तरी थांबवणारं काम शेवटी रबर करतं. रबर थांबवेना, तर ब्रेक फक्त चाक थांबवतो, गाडी नाही.

आता अलाइनमेंट. हा शब्द ऐकून मी नेहमी मान डोलवत असे, अर्थ मात्र ठाऊक नव्हता. वर्गात समजावतात तसं सांगतो. सरळ उभे राहा आणि पायांचे चवडे थोडे आत वळवा किंवा बाहेर फेंगडे करा. तसं चालायला लागलात की चप्पल एका कडेनं घासणार. पुढच्या चाकांचं हे आत-बाहेर वळणं म्हणजे 'टो'. आता गुडघे बाहेर काढून उभे राहा, तळव्याची एकच कड जमिनीला लागेल. चाक असं वरून आत किंवा बाहेर कललं की तो 'कॅम्बर'. तिसरा कोन 'कॅस्टर'. सायकलचा पुढचा दांडा तिरका असतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मुलं हात सोडून सायकल चालवतात तेव्हा ती सरळ राहायला तो तिरकेपणाही मदत करतो. गाडीत हाच प्रकार, म्हणून वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप मधे येतं. हे तीन कोन अंशाच्या भागांमध्ये ठरवलेले असतात. एक जोराचा खड्डा बसला, एखादा भाग किंचित वाकला, की कोन बिघडतात. दोन बाजूंचा कॅम्बर किंवा कॅस्टर सारखा राहिला नाही तर गाडी ओढायला लागते. टो बिघडला तर स्टिअरिंग वाकडं दिसतं आणि टायर करवतीनं कापल्यासारखा झिजतो.

गाडी ओढते म्हणजे दर वेळी अलाइनमेंटच बिघडली असंही नाही. आधी हवा बघायची. एका बाजूला कमी असली तरी गाडी त्या बाजूला जाते. हवा ठीक असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहायचे (ज्या टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो ते सोडून). ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये, नाही बदलली तर कोनात किंवा ब्रेकमध्ये. आणि फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर आधी ब्रेककडे जायचं. स्टिअरिंग ओढत नाही पण ठराविक वेगाला थरथरतं, ही तक्रार तिसरीच. त्यात बहुतेक वेळा चाकाचं बॅलन्सिंग गेलेलं असतं. रिमला छोटी वजनं लावून ते दुरुस्त करतात. आम्ही या सगळ्याला मिळून 'अलाइनमेंट' म्हणतो आणि सगळ्यालाच टाळतो.

झीजही बोलत असते. मधला पट्टा जास्त झिजला तर हवा सतत जास्त होती. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती. एकच कड झिजली तर कोन बिघडलेत. मुलाच्या वहीवरून मास्तरला घरची परिस्थिती कळते, तसं टायरवरून मालक कळतो. माझी वही त्या दिवशी मांजरसुंब्याच्या चौकात उघडी पडली.

आता मागचा भाग का घसरला ते सांगतो. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि हे मला स्वतःला अजिबात माहीत नव्हतं. २०२४ मध्ये पुढचे दोन टायर झिजले. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर असतो, त्यामुळे पुढचे आधी झिजतात. मी दोनच टायर घेतले. ते पुढेच बसवले, कारण सगळे तसंच करतात. मागचे जुनेच राहिले, नक्षी होती ना! दुकानदारानं अलाइनमेंटचंही विचारलं होतं. काही शे रुपयांचा प्रश्न होता. मी म्हणालो, "नको, गाडी सरळ चालते." तेव्हा ती खरोखरच सरळ चालत होती. खड्डा बसल्यावर ती सरळ चालेनाशी झाली, तेव्हाही मी गेलो नाही.

टायर बनवणारे मात्र सांगतात की दोनच नवे टायर घेतले तर ते मागे बसवा आणि जुन्यांपैकी बरे पुढे आणा. ऐकायला उलटं वाटतं, कारण स्टिअरिंग पुढच्या चाकांना असतं. पण विचार करा. पुढची चाकं घसरली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. ते आपल्याला लगेच कळतं, आणि वेग कमी केला की पकड परत येते. मागची चाकं घसरली तर गाडी फिरते, आणि ती सावरणं चांगल्या चांगल्या चालकांना जमत नाही. माझ्या गाडीत पुढे २०२४ चं मऊ रबर, मागे २०१४ चं वाळकं, त्यात मागे हवा कमी आणि तिघी जणी बसलेल्या. पुढच्या चाकांनी रस्ता धरला, मागच्यांनी सोडला. शिवाय गाडीला एबीएस नाही. नव्या गाड्यांना ते २०१९ पासून सक्तीचं झालं, माझी त्याआधीची. म्हणजे त्या वळणावर जे झालं ते मी वर्षभर आधी दुकानात बसून ठरवून ठेवलं होतं. पुतण्यानं फक्त ब्रेक दाबला. समोर म्हैस असताना कुणीही दाबला असता.

हे सगळं कळल्यावर मला एक निकाल वाचायला मिळाला. २०१० साली पुण्याहून मुंबईला जाताना एका मोटारीचं मागचं टायर फुटलं, गाडी खड्ड्यात गेली आणि आतल्या एकाचा मृत्यू झाला. घरच्यांनी भरपाई मागितली. न्यायाधिकरणानं ती सुमारे सव्वा कोटी मंजूर केली. विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि म्हणाली, टायर फुटणं ही देवाची करणी, त्यात चालकाचा दोष काय? २०२३ मध्ये न्यायालयानं ते मानलं नाही. टायर फुटतो तो अति वेगानं, कमी हवेनं, जास्त हवेनं, जुन्या वापरलेल्या टायरमुळे, तापल्यामुळे. प्रवासाआधी टायरची स्थिती बघणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे, ही देवाची करणी नसून माणसाचा निष्काळजीपणा आहे, असा त्या निकालाचा आशय.

'चालकाचं किंवा मालकाचं.' मालकाचं! हे वाचल्यावर मी चष्मा काढून ठेवला.

आपल्याकडे 'टायर फुटला' एवढं म्हटलं की चौकशी संपते. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. वाचलेल्या चालकानं सांगितलं, टायर फुटला. पुढे आरटीओच्या अहवालात आलं की घटनास्थळी टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. म्हणजे फुटला नसला तरी टायरवर ढकलता येतं, इतकं हे कारण आपल्याला सोयीचं वाटतं. टायर बिचारा बोलत नाही, देवही बोलत नाही. त्याच २०२३ मध्ये त्या महामार्गाच्या प्रवेशापाशी टायर तपासायला आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात झाली. तेव्हा पेपरात वाचून मी म्हणालो होतो, बरं झालं, लोक फार बेफिकीर झालेत. लोक! तेव्हा माझे टायर नऊ वर्षांचे होते.

मला वडिलांची आठवण येते. आमच्याकडे बैलगाडी होती, लाकडी चाकांची, लोखंडी धाव बसवलेली. (ऊसतोडीच्या टायरगाड्या आमच्या गावात पुढे आल्या.) कार्तिकात कपिलधारला जायचं ठरलं की वडील आदल्या दिवशी गाडीपाशी बसत. धावेवर दगडानं टकटक करून कान देत. आवाज घट्ट आला तर ठीक. बद्द आला तर लाकूड आकसून धाव सैल झाली असं समजायचं. मग चाक पाण्यात ठेवायचं, म्हणजे लाकूड फुगून धाव धरतं. खीळ बघायची, कण्याला वंगण लावायचं. वडील माळकरी नव्हते, पण देवभक्त होते. तरी मन्मथस्वामी सांभाळतील म्हणून त्यांनी खीळ बघायची सोडली नाही. देवाला जायचं म्हणूनच बघायची, असं त्यांचं होतं.

आम्ही शिकलो, नोकऱ्या केल्या, मोटारी घेतल्या. नवी गाडी घेतली की चारी चाकांखाली लिंबं ठेवतो आणि ती चिरडून गाडी बाहेर काढतो. दसऱ्याला झेंडूची माळ घालतो, बॉनेटवर स्वस्तिक काढतो, मागच्या काचेवर देवाचं नाव लिहितो. माझ्या गाडीलाही हे सगळं होतं. श्रद्धेला माझा विरोध नाही, माझी स्वतःची आहे. पण दर वर्षी चाकाला हळदकुंकू लावताना मी चाकापुढे वाकत होतो आणि तेवढ्या जवळून पाहूनही मला त्या भेगा दिसल्या नाहीत. हे मला खुपतं.

याचं खापर मी फक्त माझ्यावर फोडून थांबणार नाही, थोडं आपल्या सगळ्यांच्या सवयीबद्दलही बोलतो. आपण दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करतो. सीटकव्हर, मागचा कॅमेरा, आरसे, पॉलिश. टायरवर खर्च केलेला कुणाला दिसत नाही. म्हणून तो शेवटी, आणि तोही निम्मा. नक्षी आहे तोवर टायर चालवायचा, हा आपला हिशेब. मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोली पाहिजे असा नियम आहे, आणि ती संपली हे दाखवायला खाचांमध्ये छोटे उंचवटे दिलेले असतात. ते किती जणांनी पाहिलेत? आणि नक्षी असली तरी रबराला वय असतं. ते उन्हात, हवेत, नुसतं उभ्या उभ्या वाळतं. पाच-सहा वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराला दाखवावं, आणि दहा वर्षांनंतर कितीही चांगला दिसला तरी वापरू नये, असा बऱ्याच कंपन्यांचा सल्ला असतो. आम्हा निवृत्तांच्या गाड्यांना हे सर्वांत जास्त लागू आहे. आमच्या गाड्या चालत नाहीत, नुसत्या म्हाताऱ्या होतात. 'कमी चाललेली म्हणजे नवीच' या वाक्याचा हिशेब तो हा.

काही जण म्हणतील, गुरुजी, नायट्रोजन भरा, प्रश्न मिटला. अहो, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे सातवीच्या पोरालाही ठाऊक असतं. काय भरलं यापेक्षा किती आहे हे कधी पाहिलं ते महत्त्वाचं. आकडा चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेला असतो. हवा टायर थंड असताना मोजायची. लांबून आल्यावर गरम टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो, तो बघून हवा सोडायची नाही. हे सगळं पंधरा दिवसांतून एकदा, दहा मिनिटांचं काम.

हवेचं टायर कसं आलं ते शाळेत मी मुलांना सांगत असे. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला रबराची नळी हवा भरून बसवली, पोराला दणके बसू नयेत म्हणून. त्याआधीही एकानं तशी कल्पना काढली होती, पण ती चालली नाही. डनलॉपची चालली. पोराला दणके बसू नयेत म्हणून! ही गोष्ट मी पस्तीस वर्षं सांगितली. आणि माझी नात मागच्या सीटवर ज्या टायरांच्या भरवशावर बसली होती, त्यांत २४ चा आकडा होता.

असो. आता मुख्य काम.

त्या दिवसानंतर आमच्या घरात दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, स्वामींनी वाचवलं. दुसरी, पोरगं जोरात चालवतं. दिवाळीत सगळे जमले तेव्हाही एका मामांनी सर्वांसमोर त्याला सुनावलं, "मोबाइलवरच्या गाड्या आणि रस्त्यावरच्या गाड्या वेगळ्या असतात बरं का." सगळे हसले. तोही हसला. मांजरसुंब्याच्या दुकानात तो माझ्या शेजारीच उभा होता. टायर त्यानंही पाहिले होते, १८१४ त्यानंही वाचलं होतं. तो एक शब्द बोलला नाही. मी फराळाच्या ताटाकडे बघत बसलो. माझ्या विद्यार्थ्यानं अशी दुसऱ्यावर चूक जाऊ दिली असती तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

तेव्हा सर्व नातेवाइकांना, विशेषतः मामांना, कळावे. वेग चाळीसच होता. ब्रेक योग्य वेळी दाबला होता. गाडी वाचली ती त्यानं स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवलं त्यामुळे, आणि बांध होता त्या बाजूला गेली त्यामुळे. पहिलं श्रेय त्याचं, दुसरं हवं तर स्वामींचं म्हणा, माझी हरकत नाही. चूक मात्र माझी. मी अकरा वर्षांचे टायर वापरले, दुकानदारानं विचारलेलं टाळलं, आणि "गाडी ओढतेय" असं त्यानं सांगितल्यावर त्याला रस्त्याचा उतार शिकवला.

गाडीला आता चारही टायर नवे आहेत. वाकलेला भाग बदलला, अलाइनमेंट करून घेतलं. सगळं झाल्यावर पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा एक गंमत झाली. गाडी उजवीकडे जायला लागली! मी परत दुकानात जाणार होतो. मग लक्षात आलं, गाडी सरळ होती, माझाच हात इतके महिने उजवीकडे ओढायला शिकला होता. तो सरळ व्हायला आठवडा गेला.

येत्या कार्तिक पौर्णिमेला पुन्हा कपिलधारला जायचं म्हणतो आहे. गाडी पुतण्याच चालवेल. आदल्या संध्याकाळी मी गाडीपाशी बसणार आहे, वडील बसत तसा. तुमच्यापैकी ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर एवढंच करावं. खाली जावं, टायरच्या आतल्या कडेला हात घालावा आणि ते चार आकडे वाचावेत. काय निघालं ते मलाही जरूर कळवा. माझ्यासारखं काही निघालं तर लाजू नका, आधी हवा भरून घ्या.